वॉरस्पाइट तीन वेळा – प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

ठरलं एकदाचं. ब्रिटिश नौदलाची युद्धनौका वॉरस्पाइट, १/७०० स्केल, पण एक नाही तर तीन मॉडेलं, एकाच फळीवर शेजारी शेजारी. पहिलं मे १९१६ चं, म्हणजे जटलंडच्या लढाईआधीचं. दुसरं १९२६ चं, पहिल्या मोठ्या रिफिटनंतरचं, म्हणजे गोदीत नेऊन केलेल्या दुरुस्ती आणि बदलांनंतरचं. तिसरं दुसऱ्या महायुद्धातलं, त्याचं साल अजून पक्कं नाही, ते पुढे बघू.

तीन का, तर या बाईचा फोटो "वॉरस्पाइट" म्हणून कुठेही बघा, साल लिहिलेलं नसेल तर दोन वेगळ्या जहाजांचे फोटो आहेत असंच वाटतं. १९१६ ला दोन धुराडी, उघडाबोडका ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची जागा. १९४० ला एक धुराडं आणि पुढे चार मजली इमारत बांधल्यासारखा ब्रिज. नाव तेच, टरेट (मोठ्या तोफांचे फिरते मनोरे) त्याच चार, बाकी जवळजवळ सगळं बदललेलं. हे बदल पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाहीत, हाताने कापून चिकटवले की राहतात, निदान माझ्या तरी.

पूर्ण स्क्रॅच बिल्ड, म्हणजे सगळं हाताने. तयार किट मिळतात पण मधल्या अवताराला कोणी विचारत नाही.

१५ जून

हल, म्हणजे जहाजांची धडं, कापायला घेतले. जहाजाची लांबी १९६ मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याला २८ सेंमी. तिन्ही हलची लांबी सारखीच. रुंदी मात्र नाही आणि गंमत इथेच सुरू होते. बांधली तेव्हा रुंदी २७.६ मीटर होती, १९२६ नंतर ३१.७. स्केलमध्ये ३.९ सेंमी आणि ४.५ सेंमी. तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर पहिली चक्क किडकिडीत दिसते.

हे वाढलेलं पोट म्हणजे टॉर्पेडो बल्ज. हलच्या दोन्ही बाजूंना बाहेरून लावलेल्या लांबलचक पोकळ टाक्या, टॉर्पेडो फुटला तर तिथेच फुटावा, मूळ हलपर्यंत धक्का कमी जावा म्हणून. वॉटरलाइन मॉडेल करतोय म्हणजे पाण्याखालचं काही दाखवायचंच नाही, त्यामुळे बल्जचा फक्त वरचा काठ दिसणार, पाण्याच्या रेषेला लागून. तेवढा जरी नीट आला तरी बास.

थोडा इतिहास इथे टाकून ठेवतो म्हणजे नंतर शोधायला नको. डेव्हनपोर्टच्या रॉयल डॉकयार्डमध्ये ऑक्टोबर १९१२ ला कील (तळाचा कणा) टाकली, नोव्हेंबर १९१३ ला पाण्यात उतरवली, मार्च १९१५ ला नौदलात. क्वीन एलिझाबेथ क्लासच्या पाच नौका, त्यातली ही दुसरी. आठ तोफा, प्रत्येकी १५ इंची, दोन-दोनच्या चार टरेट, ए आणि बी पुढे, एक्स आणि वाय मागे. आणि कोळसा नाही, निव्वळ तेलावर चालणारे २४ बॉयलर. तेव्हा ही फार मोठी उडी होती कारण ब्रिटनकडे कोळसा ढिगाने होता आणि तेल अजिबात नव्हतं, ते बाहेरून आणायचं. पण तेलाने स्पीड मिळतो, कोळसा ओढणारी माणसं वाचतात, समुद्रातच तेल भरता येतं. चर्चिल तेव्हा नौदलमंत्री, त्याच सुमाराला सरकारने इराणच्या तेलकंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. एका जहाजाच्या बॉयलरपासून अर्ध्या जगाचं राजकारण निघतं ते असं.

२९ जून

पाऊस. स्प्रे मारायचं नावच नको, हवेत एवढी ओल की प्रायमर पांढरट पडतो. म्हणून तोफांच्या नळ्या घेतल्या करायला.

१५ इंच म्हणजे ३८१ मिमी, भागिले ७०० म्हणजे भोक अर्ध्या मिमीच्या जरा वर. हे गणित मांडल्यावर थेट मेडिकलमध्ये गेलो. २१ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईचं आतलं भोक बरोब्बर अर्ध्या मिमीच्या आसपास असतं आणि बाहेरून पाऊण-एक मिमी. काउंटरवरच्या मुलाने एवढ्या सुया कशाला म्हणून असं बघितलं की मोबाइल काढून जहाजाचा फोटो दाखवावा लागला. तीन जहाजं गुणिले आठ, चोवीस नळ्या. टोक छाटायचं, कापलेली कड बारीक पॉलिश पेपरवर फिरवायची, मग तोंडाचं भोक पुन्हा पिनने मोकळं करायचं. नळी पुढे निमुळती होते ते दाखवायला मागच्या अर्ध्या भागावर कागदाची बारीक पट्टी गुंडाळून सुपरग्लूने भिजवली. भिंगातून बघितलं तर झकास दिसतंय. टोकं छाटलेल्या सुया वेगळ्या डब्यात, लेबल लावून, घरात लहान मूल आहे.

१३ जुलै

१९१६ च्या मॉडेलचं वरचं बांधकाम. दुय्यम ६ इंची तोफा १४, त्यातल्या १२ केसमेटमध्ये, म्हणजे हलच्या कडेला खिडक्या खिडक्यांमधून डोकावणाऱ्या. पाण्यापासून इतक्या कमी उंचीवर की जरा समुद्र खवळला की आत पाणी. नंतरच्या रिफिटमध्ये त्या कमी कमी होत १९३७ ला ८ राहिल्या, त्यामुळे तिन्ही मॉडेलांत खिडक्या वेगळ्या मोजून पाडायच्या.

जटलंडचं मात्र सविस्तर लिहितो कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. ३१ मे १९१६. उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन ताफे समोरासमोर. वॉरस्पाइट अॅडमिरल एव्हन-थॉमसच्या पाचव्या बॅटल स्क्वॉड्रनमध्ये, बार्हम, व्हॅलियंट, मलाया बरोबर. खुद्द क्वीन एलिझाबेथ तेव्हा गोदीत. दुपारभर जर्मनांचा मार खाऊन झालेला, आणि संध्याकाळी सव्वासहाच्या पुढे, मुख्य ताफ्यामागे वळताना व्हॅलियंटला धडकायला नको म्हणून सुकाणू जोरात फिरवलं तर ते अडकलंच. कॅप्टन फिलपॉट्सपुढे दोनच पर्याय, थांबायचं किंवा गोल फिरत राहायचं. थांबलं तर संपलंच. तो इंजिनं चालू ठेवून तसाच गोल फिरला, एक नाही दोन चकरा, जर्मन ताफ्याच्या तोफांच्या टप्प्यात, आणि समोरच्या जवळजवळ प्रत्येक जहाजाने आपला मोर्चा हिच्याकडे वळवला. तिथेच वॉरियर ही क्रूझर मोडून पडलेली होती, हिच्यावर गोळे पडायला लागल्यावर तिला निसटायला वेळ मिळाला. वॉरियरच्या लोकांना वाटलं की वॉरस्पाइट मुद्दाम मधे आली. मुद्दाम वगैरे काही नाही, सुकाणू अडकलं होतं. पण त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तेच वाटलं असतं.

मोठ्या तोफांचे १५ गोळे बसले, १४ माणसं गेली, तरी स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या गोदीला स्वतःच्या इंजिनावर पोचली. वाटेत पाणबुड्यांचे हल्ले चुकवत.

आणि हे सुकाणूचं दुखणं तिने आयुष्यभर काढलं. तशी ती धडकण्यात पहिल्यापासून पटाईत होती, १९१५ ला फोर्थच्या खाडीत तळ घासला, त्याच वर्षी बार्हमला धडक, आणि जटलंडची दुरुस्ती उरकून बाहेर पडली तर ऑगस्ट १९१६ मध्ये व्हॅलियंटला. जिला वाचवायला सुकाणू फिरवलं तिलाच.

३ ऑगस्ट

दोन दिवस ऊन पडलं, १९१६ चं जहाज रंगवून घेतलं. गडद करडा. डेक सागवानी, त्याला तीन-चार वेगळ्या छटांच्या बारीक रेघा. फार नको, या स्केलला जास्त रेघा मारल्या की झेब्रा होतो. रिगिंग (डोलकाठ्यांचे दोर) शेवटी, तिन्हींचं एकदम.

आता १९२६, म्हणजे माझं लाडकं. १९२४ ते २६ च्या रिफिटमध्ये बल्ज आले आणि दोन धुराड्यांचं एक झालं. कारण साधं, पुढच्या धुराड्यातला धूर आणि गरम हवा ब्रिजवर आणि त्याच्या मागच्या-वरच्या निरीक्षण टॉपवर जायची, तोफांचा नेम बघणारे लोक धुरात. मग पुढच्या बॉयलर रूमची वाट तिरकी मागे ओढून मागच्या धुराड्याला जोडली. आकार कसा, तर दोरीवर वाळत घातलेल्या लेंग्यासारखा, खाली दोन पाय, वर एकच कंबर, आणि पुढचा पाय वाऱ्याने मागे उडालेला. मॉडेलवाल्या लोकांना हा अवतार कुरूप वाटतो. मला नाही वाटत. ज्याने तो आखला त्याने बॉयलरला हात न लावता, कमी पैशांत, खरा प्रॉब्लेम सोडवला आणि तो कसा सोडवला ते बाहेरून स्पष्ट दिसतंय.

करायला मात्र वैताग. ०.३ मिमी प्लास्टिक शीट गरम पाण्यात बुडवून बोटाने वळवली, सांधे पुट्टीने भरले, घासलं, परत भरलं.

२४ ऑगस्ट

गणपतीची तयारी, टेबल मखरासाठी गेलं. सगळं सामान दोन खोक्यांत भरून कपाटावर. विसर्जनापर्यंत काम बंद. फक्त एवढंच नोंदवतो की १९२६ चं जहाज फिकट करडं करायचंय, कारण रिफिटनंतर ती भूमध्य समुद्रातल्या ताफ्याची फ्लॅगशिप झाली आणि तिकडे जहाजं फिकट रंगवायचे. शेजारच्या गडद १९१६ पुढे चांगलं उठून दिसेल.

१४ सप्टेंबर

टेबल परत मिळालं. तिसरं जहाज.

१९३४ ते ३७, पोर्ट्समथ. याला रिफिट म्हणणं म्हणजे कमी लेखणं, हल आणि टरेट सोडून जहाज आतून बाहेरून नवीन केलं. जुने २४ बॉयलर काढून ६ नवे, नव्या गिअरच्या टर्बाइन, ताकद ७५ हजारवरून ८० हजार हॉर्सपॉवर, आणि वर जवळजवळ दीड हजार टन वजन वाचलं. २४ नॉटच्या आसपास जाताना तासाला ४१ टन तेल लागायचं ते २७ वर आलं. वाचलेलं वजन चिलखतात घातलं, मॅगझिनच्या (दारूगोळ्याच्या कोठाराच्या) वर डेकचं चिलखत एकूण ५ इंच, कारण आता धोका वरून, विमानांच्या बॉम्बचा आणि लांबून उंच येणाऱ्या गोळ्यांचा. टरेटमध्ये बदल करून तोफा २० ऐवजी ३० अंश वर उचलायला लागल्या, नवीन गोळ्यांबरोबर पल्ला २१-२२ किमीवरून २९ किमीच्या घरात. मधे विमानांचं हँगर आणि आडवं कॅटापल्ट. ब्रिजच्या जागी तो बंद, चौकोनी मनोरा.

आणि एवढं सगळं करून १९३७ ला ट्रायलला निघाली तर सुकाणूने परत त्रास दिलाच. काय बोलणार.

मॉडेलसाठी मनोरा हा सोपा भाग, सपाट पत्रे. हँगरचे दरवाजे मात्र उघडे ठेवतोय.

बहिणींची तुलना केल्याशिवाय या कामाचं मोल कळत नाही. क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंटचं पुनर्बांधणीचं काम हिच्यानंतर झालं, त्यांना विमानं आणि जहाजं दोन्हींवर चालणाऱ्या ४.५ इंची तोफा मिळाल्या, २० प्रत्येकी. वॉरस्पाइट आधी गेली म्हणून तिच्याकडे जुन्या ६ इंची केसमेट तोफाच राहिल्या, विमानांसाठी ४ इंची वेगळ्या, त्या फक्त ८. म्हणजे पहिला नंबर लागला त्याची किंमत मोजली. पण बार्हम आणि मलायाचा तर पुढे नंबर लागलाच नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये बार्हमला यू-३३१ या जर्मन पाणबुडीने तीन टॉर्पेडो मारले, ती कलली आणि मॅगझिनचा स्फोट झाला, काही मिनिटांत सगळं संपलं, ८०० च्या वर माणसं गेली. पुनर्बांधणी झाली असती तर वाचली असती असं मी म्हणणार नाही, तीन टॉर्पेडो म्हणजे तीन टॉर्पेडो. पण १९४१ ला तिला जवळजवळ मागच्या युद्धातल्याच अंगाने लढायला पाठवलं होतं हे खरं.

५ ऑक्टोबर

तिसऱ्याचं साल ठरवायला बसलो, यादी अशी:

एप्रिल १९४०, नॉर्वेचं नार्विक. अरुंद फ्योर्डमध्ये एवढी मोठी युद्धनौका घातली आणि सोबतच्या विनाशिकांनी मिळून आठच्या आठ जर्मन विनाशिका संपवल्या. हिच्या कॅटापल्टवरून उडालेल्या स्वॉर्डफिश विमानाने पुढे जाऊन टेहळणी केली आणि जाता जाता यू-६४ बुडवली, त्या युद्धात ब्रिटिश नौदलाच्या विमानाने बुडवलेली पहिली जर्मन पाणबुडी. म्हणजे ते हँगर वसूल झालं.

जुलै १९४०, कॅलाब्रिया. ज्युलिओ चेझारे या इटालियन युद्धनौकेवर सुमारे २४ किमीवरून गोळा बसवला. दोन्ही जहाजं चालत असताना, एवढ्या अंतरावरून. आणि हे अंतर जुन्या, २० अंशांच्या टरेटच्या पलीकडचं आहे. पोर्ट्समथला तीन वर्षं आणि तेवीस लाखांवर पाउंड कशात गेले ते या एका गोळ्यात कळतं.

मार्च १९४१, मटापन. याच्या उलट, रात्री साडेतीन किमीवरून, म्हणजे युद्धनौकांसाठी गळ्यात गळा. झारा आणि फिउमे या इटालियन क्रूझर काही मिनिटांत निकामी झाल्या.

मे १९४१, क्रीट. बॉम्ब बसला, उजवीकडच्या ४ आणि ६ इंची तोफांचा भाग उद्ध्वस्त, तीसच्या वर माणसं गेली. दुरुस्तीला पार अमेरिकेत, ब्रेमर्टनच्या प्युजेट साउंड यार्डमध्ये. झिजलेल्या १५ इंची नळ्याही तिथेच बदलल्या. पर्ल हार्बर झालं तेव्हा ती तिथेच होती.

आणि मग १९४२. हे वाचलं तेव्हा सरळ उठून चहा टाकला. अॅडमिरल सॉमरव्हिलच्या ईस्टर्न फ्लीटची फ्लॅगशिप म्हणून ती हिंदी महासागरात आली. एप्रिलच्या सुरुवातीला जपानी अॅडमिरल नागुमोच्या विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ला केला, कॉर्नवॉल, डॉर्सेटशायर आणि हर्मिस या ब्रिटिश नौका बुडाल्या. सॉमरव्हिल मालदीवच्या अड्डू बेटांच्या आडोशाने वावरत होता, दिवसा जपान्यांपासून लांब, रात्री जवळ जायचा प्रयत्न, आणि गाठ पडली नाही हे नशीबच म्हणायचं. नंतर त्याने जुन्या, संथ 'आर' क्लास नौका मोम्बासाजवळच्या किलिंडिनीला पाठवल्या आणि वॉरस्पाइट आणि इंडोमिटेबल, फॉर्मिडेबल या विमानवाहू नौका घेऊन आला कुठे, तर आपल्या मुंबईला. जटलंडला दोन चकरा मारलेलं जहाज मुंबई बंदरात.

झालं, तिसरं एप्रिल १९४२. डोंबिवलीत बसून दुसरं साल निवडणं शक्यच नव्हतं.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत चुलतभाऊ आला होता, मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर. फळी बघून म्हणाला, "दादा, तोफा बिफा ठीक आहे, पण सालेर्नोनंतर हिने तळाला भोक घेऊन काम केलं ते कुठे दाखवलंस?" त्याचं बरोबर आहे. सगळ्यात मोठी जखम मी मॉडेलच्या बाहेरच ठेवली होती.

सप्टेंबर १९४३. इटली शरण आली, इटालियन ताफ्याला माल्टाकडे आणायला गेलेल्यांत वॉरस्पाइट होती. काही दिवसांतच, १६ तारखेला, सालेर्नोच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानांनी तिच्यावर फ्रित्झ-एक्स टाकले, रेडिओने दिशा देता येणारे चिलखतभेदी बॉम्ब. एक धुराड्याजवळ घुसून डेकमागून डेक फोडत बॉयलर रूममध्ये फुटला आणि तळाला भोक पडलं. दुसरा अगदी बाजूला पडून बल्ज फाडून गेला. ९ माणसं गेली. ५ हजार टन पाणी आत, सगळी वाफ गेली, जहाज मेल्यासारखं. टगांनी ओढत नेताना मेसिनाच्या सामुद्रधुनीत दोर तुटले आणि ती आडवी वाहत गेली. माल्टा, मग जिब्राल्टर, मग रोसाइथ.

भाऊ म्हणतो ते पुढचं. पूर्ण दुरुस्तीला वेळच नव्हता, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायची मोहीम तोंडावर. तळाच्या भोकावर काँक्रीटचा कॉफरडॅम (पाणी अडवणारी पेटी) बसवला, एक बॉयलर रूम तशीच सोडून दिली, एक्स टरेट कायमची बंद. आठपैकी सहा तोफा घेऊन ६ जून १९४४ ला पहाटे ती सोर्ड बीचसमोर उभी राहून व्हिलरव्हिलच्या तोफखान्यावर गोळे टाकत होती, त्या दिवशी सुरुवातीला तोंड उघडणाऱ्यांपैकी एक. आठवडाभरात नळ्या बदलायला रोसाइथला निघाली तर हार्विचजवळ सुरुंग. तीनच प्रोपेलर चालू, १५ नॉटच्या आसपास स्पीड. तेवढ्यावर ब्रेस्ट, ल हाव्र, आणि १ नोव्हेंबरला वाल्खेरेन. लढाईतला शेवटचा मारा तिथला.

भावाचा मुद्दा इंजिनिअरचा आहे आणि मला पटला. नवीन बॉयलर बसवून जहाज पळवणं वेगळं, आणि काँक्रीट ओतलेल्या पोटाने, बंद पडलेल्या बॉयलर रूमसकट, ते वर्षभर कामात ठेवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचे फोटो निघत नाहीत, तळाला असते ती.

आता मी काय केलं, एप्रिल १९४२ बदललं नाही. मुंबई सोडणार नाही. फळीवर मात्र चौथी जागा केली आणि तिथे जहाज नाही, फक्त हलचा एक आडवा छेद, १/३५० मध्ये, बॉयलर रूमच्या ठिकाणी. डेक एकाखाली एक, प्रत्येकात भोक, खाली दुहेरी तळ, त्यात करड्या पुट्टीचं "काँक्रीट", आणि एका बाजूला फाटलेला बल्ज. म्हणजे वॉटरलाइन मॉडेलमध्ये जे कधीच दिसलं नसतं ते.

१६ नोव्हेंबर

छेद झाला. ओळखीतल्या एकाने थ्रीडी प्रिंटरवर बॉयलर काढून दिला, बाकी शीट. डेकची भोकं गरम सुईने पाडली, कडा आतल्या बाजूला वळलेल्या हव्यात, बॉम्ब वरून आलाय. तळाच्या भोकाच्या कडा बाहेर. हे एवढं नीट आलं तर बाकी चुकलं तरी चालेल असं ठरवून त्यावरच सगळा वेळ घातला.

तिन्ही जहाजांचं रिगिंग पण पूर्ण. लाइटरवर ताणलेला स्प्रूचा (किटच्या प्लास्टिक चौकटीच्या काडीचा) धागा वापरला, केसापेक्षा बारीक येतो, पण पंखा बंद हवा.

शेवटचं नोंदवून ठेवतो कारण लोक विचारणारच. १९४७ च्या एप्रिलमध्ये भंगारासाठी क्लाइडमधल्या फॅसलेनला ओढून नेत होते, वादळात दोर तुटले आणि ती कॉर्नवॉलच्या प्रशिया कोव्हमध्ये खडकावर जाऊन बसली. वरच्या आठ माणसांना पेनलीच्या लाइफबोटने उतरवलं. मग ती तिथून हलेना. १९५० ला कशीबशी तरंगवून सेंट मायकल्स माउंटपर्यंत नेली आणि तिथेच तुकडे तुकडे करत पुढची काही वर्षं कापत बसले. फॅसलेनला गेलीच नाही.

तो खडकावरचा डायोरामा करशील का असं दोघातिघांनी विचारलं. नाही करणार. तोफा काढून नेलेलं रिकामं जहाज होतं ते, त्याला वेगळं पाचवं हल कापायचं आणि दाखवायचं काय? त्यापेक्षा उरलेल्या सुया आहेत त्यात बार्हम होईल, १९४१ ची. जुन्याच टरेट, २० अंशवाल्या. प्लॅन मागवलेत.